पाऊस इतका पडतो, मग पाणी जातं कुठं?

वाचकांचे प्रश्न : पाणी, जंगल, हवामान

मागच्या अंकात या पानावर सांगितलं होतं की युनिव्हर्सिटीतले पर्यावरण शास्त्राचे लोक नदी-नाले, जंगल, हवामान यावर नेमकं काय करतात ते विचारा, आणि शक्यतो आपल्या भागातलंच विचारा. पत्रं आली, व्हॉइस नोटा आल्या, एकानं तर थेट विहिरीचा व्हिडिओ पाठवला. खानापूरपासून निपाणीपर्यंत सगळा पट्टा बोलता झाला. सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, जी पत्रं बाकीच्यांच्याही मनातली वाटली ती घेतलीत आणि भाषा ज्याची त्याची ठेवलीय.

प्रश्न : सर, आमचं गाव जांबोटीच्या पुढं. पावसाळ्यात घरात कपडा वाळत नाही इतका पाऊस, आणि एप्रिल लागला की विहिरीचा तळ दिसूलालाय. बायकांना झऱ्यावर जायला लागतं. शेजाऱ्यानं दोनशे फूट बोअर मारली, नुसती धूळ आली. एवढा पाऊस पडून आमचं पाणी जातं तरी कुठं?
— एक शेतकरी, ता. खानापूर

मामा, तुमचं पत्र सगळ्यात आधी घेतलं कारण यात निम्मं शास्त्र येऊन जातं. पाऊस जास्त म्हणजे जमिनीत पाणी जास्त असं आपण धरून चालतो, पण जमिनीत पाणी किती मावणार ते जमिनीत जागा किती आहे त्यावर ठरतं, पावसावर नाही. तुमच्याकडं वर जांभा, खाली मुरूम आणि त्याच्याखाली कठीण पाषाण. पाषाणात पाणी राहतं ते भेगांमध्ये, फटींमध्ये. आता भूजलवाले हिशोबाला काय आकडा धरतात बघा, झिजलेला बेसॉल्ट असेल तर शंभर घनमीटर खडकातून विहिरीला सुटतं साधारण दोन घनमीटर पाणी. म्हणजे मे महिन्यात तुमच्या विहिरीची पातळी दहा मीटर खाली असेल आणि पावसाळ्यात ती पार काठापर्यंत आली, तर त्या दहा मीटर खडकात मावलं किती? २०० मिलिमीटर पावसाएवढं पाणी, बस. आणि तुमच्याकडं पडतो तीन-चार हजार मिलिमीटर, कणकुंबी-आमगावच्या बाजूला तर त्याच्याही वर. जुलैमध्येच जमीन गच्च भरून जाते आणि त्यानंतर जे काय पडतं ते ओढ्याला, ओढ्याचं नदीला.

बरं, जे आत मावलं ते तरी थांबावं, तर तेही थांबत नाही. डोंगराचा उतार आहे, जांभ्यातून पाणी पटकन आत शिरतं आणि तितक्याच पटकन खालच्या अंगाला झरा होऊन बाहेर पडतं. तुमचा तो झरा म्हणजे तुमच्याच विहिरीचं पाणी बाहेर पडूलालंय म्हणा की. आणि बोअरचं म्हणाल तर बोअर म्हणजे खाली कुठला वेगळा समुद्र लागतो असं नाही, दोनशे फुटात एकही भेग सापडली नाही की धूळच येणार, आणखी दोनशे फूट मारून तीच धूळ महाग पडते.

मग करायचं काय? जुलैमध्ये पाणी अडवून फार काही हाती लागत नाही कारण आत जागाच नाही. खरी वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरची, पाऊस गेलाय पण ओढा अजून वाहतोय, तेव्हा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून वनराई बंधारे घाला, ओळीनं चार-पाच, म्हणजे खाली निघून जाणारं पाणी महिना-दीड महिना तिथंच रेंगाळतं आणि विहिरीची पातळी उतरायला उशीर लागतो. आणि एक काम आजपासून करा, विहिरीत दोरी सोडून दर रविवारी पाणी किती खाली आहे ते कॅलेंडरवर लिहा. दोन वर्षांची कॅलेंडरं झाली की नेमक्या कुठल्या पंधरवड्यात पाणी झपाट्यानं उतरतं ते कळेल, बंधारा त्याच्या आधी घालायचा. असली नोंद असलेला शेतकरी भेटला की पीएचडीची पोरं त्याच्या ओसरीवरून हलत नाहीत, खरं सांगतो.

प्रश्न : मुलगी पीएचडी करतेय. विषय काय तर ओढ्यातले किडे! सुट्टीला आली की बुटं घालून ओढ्यात दगड उलटत बसते. पाहुणे विचारतात, काय सांगू?
— एक आई, टिळकवाडी

ताई, पाहुण्यांना ओढ्यावरच घेऊन जा. वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा केला की खालच्या ओल्या बाजूला चपटे, तपकिरी, सुताएवढे जीव तिरके पळताना दिसतात, शेपटीला तीन लांब केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना बारीक पिसांसारखे कल्ले सारखे फडफडत असतात. ही मेफ्लायची पिल्लं. पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला की ही पहिली गायब होतात. दुसरा एक किडा वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतो, तोही स्वच्छ पाण्यातलाच. आणि गावाच्या खाली, गटार मिळाल्यावर, तोच दगड उलटा करा, तिथं लाल अळ्या वळवळताना दिसतील, त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या तसल्या घाण पाण्यातही तग धरतात.

आता यात पीएचडी कसली, तर बाटलीत पाणी भरून लॅबला नेलं की ते फक्त त्या घडीचं सांगतं. कोणी रात्री टँकर रिकामा केला आणि सकाळी पाणी वाहून गेलं की रिपोर्ट एकदम क्लीन. किडे मात्र तिथंच महिनोन् महिने राहतात, त्यांच्यावरून मागच्या सगळ्या दिवसांचा हिशोब निघतो. तुमची मुलगी दगड उलटत नाही, ओढ्याची जबानी घेतेय. तिला फक्त सांगा, पावसाळ्यात एकटी जाऊ नको.

प्रश्न : वडगाव शिवारात आमची भातशेती आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की आठ आठ दिवस उतरत नाही, पीक कुजतं, दुबार पेरणी करा नायतर सोडून द्या. नाला काढा म्हणून सांगायला गेलं की साहेब लोक क्लायमेट चेंज सांगतात. पूर्वीपण पाऊस होताच की. खरं काय ते सांगा.
— एक भातवाला, वडगाव

साहेब लोकांना क्लायमेट चेंज फार सोयीचा सापडलाय, कारण त्याला कोणाचीच सही लागत नाही आणि टेंडरपण काढावं लागत नाही. पण अण्णा, म्हणून क्लायमेट चेंज खोटा असंही नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या करून बघायला लागतील.

आधी आभाळाकडचं. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, आणि जी वाफ मावली ती कधीतरी एकदम खाली येते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या टीमनं २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणारा पाऊस तिपटीनं वाढलाय. लक्षात घ्या, हा गुजरातपासून ओडिशापर्यंतचा पट्टा, बेळगाव नव्हे, तिथला आकडा उचलून वडगावला चिकटवता येत नाही. आपल्याकडं २०१९ आणि २०२१ चा पूर सगळ्यांनी बघितला, आणि २०२३ चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट निघाला. म्हणजे पाऊस लहरी झालाय हे खरं. पण बेळगावचा झाला का आणि किती, हे म्हणायला बेळगावच्याच रोजच्या पावसाच्या नोंदी पाहिजेत, त्याही कमीत कमी तीस वर्षांच्या. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की जोरदार पाऊस. असे दिवस दर दहा वर्षांत किती आले ते नुसतं मोजलं तरी निम्मा वाद मिटतो.

आता जमिनीकडचं, आणि इथं माझं मत तुमच्या बाजूला झुकतं. एक चौरस किलोमीटर जागेवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. ती जागा शेत असेल तर त्यातलं ढोबळमानानं पंचवीस-तीस टक्के वाहून नाल्याला येतं, बाकी मातीत, बांधात, खाचरात थांबतं. त्याच जागेवर स्लॅब, पेव्हर आणि डांबर आलं की ऐंशी-नव्वद टक्के वाहणार. म्हणजे अडीच-तीन कोटी लिटरच्या जागी आठ-नऊ कोटी, आणि आभाळातनं एक थेंबसुद्धा जास्त पडलेला नाही! त्यात नाल्यात गाळ, वर जलपर्णी, मध्ये रस्त्याचे भराव आणि त्याखाली अरुंद मोऱ्या. शहर वाढलं तेवढी नाल्याची रुंदी वाढली का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

हे सिद्ध कसं करायचं तर युनिव्हर्सिटीवाले जे करतात तेच तुम्ही करा. नाल्यावरच्या एका पुलाच्या खांबावर ऑइल पेंटनं फूट आणि इंचाच्या खुणा करा. जोराचा पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला आणि पाणी सगळ्यात वर कधी चढलं, तीन वेळा घड्याळात बघून लिहायच्या. पावसाच्या जोरात आणि पाण्याच्या चढात जो वेळ जातो तो दरवर्षी कमी कमी होत गेला तर कारण पावसात नाही, वरच्या काँक्रीटमध्ये आहे. पाणी वेळेवर चढतं पण उतरायला दिवस लागतात असं दिसलं तर नाला खाली तुंबलाय. तसला कागद घेऊन गेलात तर समोरचा निदान विषय तरी बदलणार नाही.

प्रश्न : आमच्या युवक मंडळानं गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, हजारभर झाडं लावायची ठरवलीत. झाडं लावली की पाऊस वाढतो, पाणी वाढतं, बरोबर ना? रोपं अकेशियाची फुकट मिळतायत.
— युवक मंडळ, खानापूर तालुका

पोरांनो, उत्साह चांगला आहे पण खड्डे काढायच्या आधी हे वाचा. झाड पाणी देतं तसं पितंही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रुक म्हणून जंगल आहे, तिथं १९५० च्या दशकापासून शास्त्रज्ञ ओढ्यात येणारं-जाणारं पाणी मोजत बसलेत. १९६५ मध्ये त्यांनी एका अख्ख्या ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडून तिथंच पाडली आणि शेजारच्या ओढ्याला हात लावला नाही. तोडलेल्या बाजूच्या ओढ्याला पहिल्याच वर्षी पाणी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढलं, कारण प्यायला झाडंच उरली नाहीत. पण त्या पाण्याबरोबर मातीतलं नायट्रेट, कॅल्शियम धुऊन जायला लागलं, म्हणजे ओढा भरला आणि जमीन रिकामी झाली. तर झाडं आणि पाणी हे गणित इतकं सरळ नाही.

आपल्या शेजारचं बघायचं तर उत्तर कन्नडच्या घाटात चांगलं जंगल, बिघडलेलं जंगल आणि उजाड जागेवर लावलेला अकेशिया अशी छोटी छोटी पाणलोटं मोजून झालीत. पावसाबरोबर सगळ्यात जास्त पाणी वाहून गेलं ते बिघडलेल्या जंगलातून. चांगल्या जंगलात जमीन पाणी गिळते, आणि ते गिळणं झाडाच्या संख्येवर नसून मातीवर असतं, पाचोळा, मुळं, गांडुळांची आणि किड्यांची भोकं, शंभर वर्षं कोणी न तुडवलेली माती. ती हजार रोपांनी एका पावसाळ्यात होत नाही.

आणि सडा! सडा उजाड नसतो रे. ऑगस्ट-सप्टेंबरात गुडघ्यावर बसून बघा, सीतेची आसवं, दवबिंदू असल्या किडे खाणाऱ्या वनस्पती तिथं बोटभर मातीत जगतात, अकेशियाच्या सावलीत आणि पाचोळ्यात त्यातलं काही राहणार नाही. सडा सोडा. खाली ओढ्याच्या काठानं जिथं पूर्वी झाडी होती तिथं करंज, जांभूळ, उंबर लावा, शंभरच लावा, आणि तीन उन्हाळे पाणी घाला. बॅनरवर आकडा कमी दिसेल, दिसू दे.

प्रश्न : मी खानापूरचा, नोकरीला हुबळीत. गावी आलो की म्हादई वळवू नका म्हणतात, हुबळीत गेलो की वळवलीच पाहिजे म्हणतात. सायन्स कोणाच्या बाजूला?
— एक नोकरदार

तुमची पंचाईत कळली. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला ३०४ किलोमीटर जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथून हाकेच्या अंतरावरचा कळसा नाला मात्र म्हादईला जातो, आणि देगावला उगम पावलेली ही म्हादई गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला. एकाच आभाळाचा पाऊस, एका अंगाला पडला तर बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला पडला तर पणजी. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कळसातून १.७२ आणि बंडुरी नाल्यातून २.१८ असं मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मलप्रभेत वळवायला कर्नाटकाला दिलंय. मलप्रभेवरच्या, हुबळीला पाणी देणाऱ्या नवीलतीर्थच्या धरणाची क्षमता सदतीस टीएमसीच्या पुढं, त्याच्यापुढं हा आकडा ठेवून बघा.

शास्त्र बाजू घेत नाही पण एक प्रश्न लावून धरतं, की हे पाणी घेणार कुठल्या महिन्यात? वर्षाची बेरीज सगळं झाकून टाकते. ऑगस्टमध्ये ओढा दुथडी असताना काही घेतलं तर फरक वेगळा, आणि जानेवारीनंतर, जेव्हा ओढ्यात फक्त जंगलाच्या मातीतनं झिरपलेलं पाणी असतं आणि मासे, बेडूक, जनावरं त्याच्यावरच उन्हाळा काढतात, तेव्हा घेतलं तर फरक वेगळा. त्या पट्ट्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालं, तिथल्या बारापेडे गुहांतलं वटवाघूळ जगाला पहिल्यांदा तिथूनच माहीत झालं. माझं वैयक्तिक मत विचाराल तर उन्हाळ्याच्या प्रवाहाला हात लावू नये, आणि नवीन पाणी मागायच्या आधी शहरातल्या पाइपातून गळतं किती ते मोजून जाहीर करावं. हे मत घेऊन तुम्ही दोन्हीकडं शिव्या खाल, पण निदान सारख्याच खाल.

प्रश्न : कृष्णेचा २०१९ चा पूर अलमट्टीमुळंच आला ना?
— मांजरी, ता. चिकोडी

एका धरणाचं नाव घेतलं की बरं वाटतं. महाराष्ट्र सरकारच्या वडनेरे समितीनं त्या पुराचा दोष नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणावर टाकला नाही, ते सगळ्यांना पटलंय असं नाही. सांगली-कोल्हापूरच्या वरच्या घाटात तेव्हा अफाट पाऊस झाला, सगळी धरणं एकाच वेळी सोडायला लागली आणि तुमच्याकडं कृष्णेचा उतार इतका कमी की पाणी पुढं सरकायलाच तयार नसतं. आता अलमट्टीची पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ पर्यंत न्यायची म्हणतायत, तेव्हा पुढच्या पुरात फुगवटा कुठवर येईल हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्यासाठी दोन्ही राज्यांचा तासातासाचा डेटा एका टेबलावर यायला पाहिजे. तोपर्यंत घराच्या भिंतीवर २०१९ ची आणि २०२१ ची खूण आहे ना? रंग देताना ती तेवढी पुसू नका.

प्रश्न : आमची सरकारी मराठी शाळा आहे. आठवीच्या मुलांकडून पाऊस मोजून घ्यावा म्हणतो. विकतचं यंत्र परवडत नाही. घरगुती चालेल का?
— एक शिक्षक, ता. रायबाग

चालेल की सर. सरळ उभ्या भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा आत बसवा, तळाचा खोलगट भाग गारगोट्या आणि पाणी घालून सपाट करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. कमरेत आवळलेली बाटली घेऊ नका, सगळा हिशोब चुकतो. जागा मोकळी पाहिजे, शेजारी झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट लांब, आणि तोंड जमिनीपासून फूटभर वर. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खातंही तेव्हाच वाचतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वहीत शून्य लिहायचं. पाऊस पडला नाही तर ०. कोणी बघितलंच नाही तर रेघ मारून 'बघितलं नाही'. मुलं दोन्ही ठिकाणी जागा कोरी सोडतात आणि मग वर्षाच्या शेवटी तो दिवस कोरडा होता की रविवार होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तुमच्या भागात हे जास्तच लागू, कारण कणकुंबीला जेवढं एका आठवड्यात पडू शकतं तेवढं अथणी-रायबागला अख्ख्या वर्षात पडतं, पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात. इतक्या कमी पावसात एक सर चुकली तरी बेरीज हलते. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, असे दिवस मुलांना वेगळ्या रंगानं रंगवायला सांगा. आणि मोठ्या सुट्टीत वाचणार कोण ते आधीच ठरवा, बहुतेक शाळांच्या वह्या तिथंच मरतात.

प्रश्न : बीएस्सी शेवटच्या वर्षाला आहे. एन्व्हायरन्मेंटल सायन्स घ्यायचं मनात आहे, पाणलोट आणि क्लायमेटवर रिसर्च करायचाय. घरचे म्हणतात झाडं लावायला डिग्री कशाला. नोकरी मिळते का आणि रिसर्च म्हणजे रोज करायचं काय?
— एक विद्यार्थिनी, बेळगाव

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. येत्या नोव्हेंबरात तुझ्या गावच्या ओढ्यावर जा, बरोबर टेप, काठी, लिंबू आणि मोबाइल. सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवड. रुंदी मोज, समज दोन मीटर. काठीनं पाच-सहा ठिकाणी खोली मोजून सरासरी काढ, समज तीस सेंटिमीटर. मग वरच्या टोकाला लिंबू सोडायचं आणि खाली पोचायला किती सेकंद लागले ते बघायचं, समज वीस. म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर, पण वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं म्हणून त्याला ०.८५ नं गुणायचं. सगळं मिळून सेकंदाला २५५ लिटर. आता हे दर आठवड्याला, त्याच जागी, पुढचा पावसाळा येईपर्यंत. हे करताना तुला मजा आली तर रिसर्च कर, पहिल्या महिन्यात कंटाळा आला तर घरच्यांचं ऐक. कारण पुढं सेन्सर येतात, सॅटेलाइट येतं, मॉडेल येतं, पण मॉडेलचा आकडा बरोबर की चूक हे शेवटी असल्या मोजलेल्या पाण्यावरच तपासतात. मलप्रभेचं खानापूरपर्यंतचं पाणलोट, साधारण पाचशे चौरस किलोमीटरचं, कितीतरी रिसर्च पेपरमध्ये येतं ते तिथं कोणीतरी वर्षानुवर्षं नदी मोजलीय म्हणून.

शिकायचं कुठं, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि पुणे विद्यापीठात या विषयाची एमएस्सी आहे. जंगलाकडं ओढा असेल तर धारवाड कृषी विद्यापीठाचं फॉरेस्ट्री कॉलेज शिरसीला आहे. आणि बेळगावातच, तुझ्या नाकासमोर, रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेचं कठीण खडकातल्या पाण्यावर काम करणारं केंद्र १९८७ पासून आहे, किती बेळगावकरांना माहीत आहे विचार बघू! तिथं प्रोजेक्टसाठी अर्ज करून बघ. नेट परीक्षेत पर्यावरण शास्त्र हा विषय आहे, गेटमध्ये २०२१ पासून एन्व्हायरन्मेंटल सायन्स अँड इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर आहे.

नोकरी मिळते, पण बँकेसारखी लाइन लावून मिळत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ, कन्सल्टन्सी, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्था, आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने एवढे की सांडपाणी तपासायला माणूस लागतोच. सुरुवातीचा पगार बघून वडील नाक मुरडतील, त्याची तयारी ठेव. एमएस्सीच्या आधी स्टॅटिस्टिक्स पक्कं कर, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे ते आत्ताच लॅपटॉपवर घालून ठेव. आणि कन्नड नुसतं बोलता येऊन भागणार नाही, वाचायला शिक, तलाठ्याकडचे उतारे, गावनकाशे, धरणाच्या पाणी सोडल्याच्या नोंदी सगळं कन्नडमध्ये असतं, आणि वरच्या अंगाला चंदगड-आजऱ्यात गेलीस की तेच सगळं मराठीत. घटप्रभा, हिरण्यकेशी तिकडूनच येतात. दोन्हीकडचे कागद स्वतः वाचू शकणारी रिसर्चर म्हणून तुझी पहिली ओळख तिथंच होईल, गाइडसुद्धा मग शोधत बसावा लागणार नाही.